गावानं स्वतःवर घातलेली बंदी

घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. जपानमधल्या त्सुमागो या डोंगराळ गावानं १९७१ साली सनद केली, तिचा गाभा एवढाच. घराबरोबर शेत आणि रानही त्यात आलं. आश्चर्य याचं वाटतं, की ही बंदी सरकारनं लादलेली नव्हती. ज्यांच्या नावावर घरं होती, त्यांनीच ती आपण होऊन स्वीकारली.

त्सुमागो आहे नागानो प्रांतात, किसो नदीच्या खोऱ्यात. एदो म्हणजे आजचं टोकियो आणि क्योतो यांना जोडणाऱ्या नाकासेन्दो या जुन्या राजमार्गावर ६९ मुक्कामाची ठिकाणं होती, त्यांतलं हे बेचाळिसावं. सरदारांचे लवाजमे, व्यापारी, यात्रेकरू इथं रात्रीला थांबत. मग खोऱ्यातून रेल्वे गेली, वाटसरू आटले आणि गावाची रयाच गेली. १९६० च्या दशकापर्यंत तरणी माणसं शहरांकडे निघून गेली होती. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून घरं तेवढी उभी राहिली.

१९६८ मध्ये दुरुस्ती सुरू झाली. टोकियो विद्यापीठातले वास्तुइतिहासकार ओता हिरोतारो मार्गदर्शनाला होते. सुरुवात कुठून केली, तर तेराशिता या भागातल्या साध्या, गरिबांच्या घरांपासून! मला ही निवड फार मोलाची वाटते. वाडे आणि देवळं कोणीही जपेल. पण सामान्य माणसाच्या घराची जाळीही वारसा आहे, हे त्या काळी फार थोड्यांना सुचलं होतं. दोन-तीन वर्षांत वीसहून अधिक घरांची डागडुजी झाली. दर्शनी बाजूला उभ्या लाकडी पट्ट्यांच्या जाळ्या पुन्हा बसल्या. विजेच्या तारा घरांच्या मागच्या बाजूला गेल्या. दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारींना बंदी आली. आणि आत माणसं राहतच होती. अनेकांनी घरातच पाहुण्यांसाठी खोल्या आणि दुकानं काढली.

ओकुया नावाचं मोठं घर आत जाऊन पाहण्यासारखं आहे. एदो काळात, म्हणजे जुन्या राजवटीत, किसोच्या रानातलं हिनोकी, म्हणजे सरूच्या जातीचं उंची लाकूड, सामान्य रयतेला तोडायची मुभा नव्हती. तोडणाऱ्याचं डोकं उडे, असं सांगतात. राजवट बदलली, बंदी उठली आणि १८७७ मध्ये या घरमालकानं हिनोकीचंच घर बांधलं. इतकी वर्षं डोळ्यांसमोर उभं असलेलं, पण हात न लावता आलेलं लाकूड! आत जमिनीत खोदलेली चौकोनी शेगडी आजही पेटते. तिच्या धुरानं तुळया काळ्याभोर झाल्या आहेत आणि त्याच धुरामुळे लाकूड किडीपासून वाचतं. थंडीच्या दिवसांत तिरपं ऊन जाळीतून आत येतं, तेव्हा धुरात किरणांच्या पट्ट्या उमटतात.

सनद नुसती कागदावर राहिली असती, तर आज हे काहीच उरलं नसतं. गावकऱ्यांची एक समिती आहे. घराच्या दर्शनी भागात बदल करायचा, पाटी लावायची, दुकान काढायचं, की आधी अर्ज तिच्याकडे. शेजाऱ्याला शेजाऱ्यानं ‘नको’ म्हणायचं, हे किती अवघड असतं ते गावात राहिलेल्याला सांगायला नको. पण ‘विकायचं नाही’ हे कलम इथंच कामाला येतं: निर्णय घेणारा आणि त्याचे परिणाम भोगणारा एकाच गल्लीत राहतो. बाहेरच्या भांडवलदाराला शिरायला फट नाही.

देशाचा कायदा मागून आला. १९७५ मध्ये जपाननं वारसा कायद्यात बदल करून एकेकट्या इमारतीऐवजी अख्ख्या वस्त्या जपण्याची सोय केली. १९७६ मध्ये सात वस्त्यांची पहिली यादी निघाली, तीत त्सुमागो होतं. संरक्षित क्षेत्र जवळपास १,२४५ हेक्टर! मुख्य वस्ती तर काही मिनिटांत चालून संपते. बाकी सगळे भोवतालचे डोंगर, रान आणि जुनी वाट. दारात उभं राहिल्यावर जे दिसतं, तेही घराचाच भाग धरलं गेलं.

आता कोडं वेगळं आहे. गावं म्हातारी होत चालली आहेत, वारस शहरात आहेत. विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. मग कुलूपबंद घराचं छप्पर कोणी शाकारायचं? याचं उत्तरही गावालाच एकत्र बसून शोधावं लागणार आहे.