थांबलेली अणुभट्टी आणि ‘विलंब’ हा शब्द

अणुविद्युत् केंद्रातील एखादा संच थांबला आणि तो पुन्हा सुरू होण्यास महिने किंवा वर्षे लागली, म्हणजे त्या सर्व काळास आपण सरसकट ‘विलंब’ हे एकच नाव देतो. त्या विलंबाचे कारणही बहुधा एकच सांगितले जाते : सरकारी नियमन. प्रस्तुत लेखाचा हेतू अणुशक्तीची बाजू घेण्याचा नाही, तिला विरोध करण्याचाही नाही. हा काळ नेमका कशाचा बनलेला असतो, त्यातील कोणत्या भागाचे उत्तर कोणी द्यावयाचे, आणि हा भेद करण्यास आपली मराठी भाषा किती समर्थ आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम ‘बंद’ हा शब्द घेऊ. मराठीत यंत्र बंद पडते, बंद केले जाते आणि बंद ठेवलेही जाते. पहिल्या प्रयोगात कोणी कर्ता नाही. दुसऱ्यात कर्ता आहे. तिसऱ्यात कर्ता तर आहेच, शिवाय त्याचा निर्णय प्रत्येक दिवशी चालू राहिलेला आहे. हा भेद पंडिती नाही. कोल्हापुरात, आमच्या शिवाजी पेठेत, वीज अचानक नाहीशी झाली तर माणसे ‘लाईट गेली’ म्हणतात आणि कोणी मुद्दाम तोडली असा संशय आला तर ‘लाईट घालवली’ म्हणतात. क्रियापद बदलले की जाब कोणास विचारावयाचा तेही बदलते. मात्र ‘अणुभट्टी बंद आहे’ या वृत्तपत्रीय वाक्यात हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळून जातात आणि कर्ता दृष्टीआड होतो.

अणुभट्टीच्या बाबतीत ‘बंद’ हा शब्द आणखी एका अर्थाने फसवा आहे. गिरणीचे चाक थांबले की काम संपले. अणुभट्टीचे तसे नाही. नियंत्रक दांडे आत सारून विखंडनाची साखळी तोडली, तरी विखंडनातून निर्माण झालेली द्रव्ये स्वतः क्षय पावत असतात आणि उष्णता देत राहतात. थांबविल्याक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सुमारे 6 ते 7 टक्के असते. एका दिवसानंतर ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, परंतु शून्य होत नाही. ती वाहून नेण्यासाठी पाणी फिरते ठेवावे लागते, आणि पाणी फिरविण्यास वीज लागते. 2011 च्या मार्चमध्ये जपानमधील फुकुशिमा येथे भूकंप होताच चालू अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे थांबल्या होत्या. अनर्थ घडला तो नंतर, त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनित्रे निकामी होऊन शीतनाची वीज गेल्यामुळे. म्हणून थांबलेल्या संचावरही देखरेखीचा खर्च आणि धोका दोन्ही चालू असतात, आणि तो पुन्हा सुरू करणे हा दिव्याची कळ दाबण्यासारखा व्यवहार नव्हे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या विषयाचे मुख्य उदाहरण तारापूरचे आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातील या केंद्राचे पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने पुरविले आणि 28 ऑक्टोबर 1969 पासून त्यांच्यापासून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. प्रत्येकाची मूळ क्षमता 210 मेगावॅट होती. पुढे दुय्यम वाफ-जनित्रांतील नळ्यांच्या गळतीमुळे ती यंत्रे बाजूस सारावी लागली आणि क्षमता 160 मेगावॅटवर आणण्यात आली. हे संच उकळत्या पाण्याच्या जातीचे आहेत. त्यांत इंधन बदलावयाचे तर संच थांबवून पात्राचे झाकण काढावेच लागते. म्हणजे थांबणे आणि पुन्हा सुरू होणे हा तेथे अपवाद नसून यंत्राच्या नियमित जीवनक्रमाचाच भाग आहे.

या केंद्रास तीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा अणुऊर्जा नियामक मंडळाने त्याचे सर्वंकष पुनर्विलोकन करविले. 1960 नंतरच्या दशकात आखलेले केंद्र नव्या काळाच्या कसोट्यांस कितपत उतरते, असा प्रश्न होता. दोन्ही संचांना काही यंत्रणा सामाईक होत्या; त्या वेगळ्या कराव्यात, आणीबाणीच्या वीजपुरवठ्याची क्षमता वाढवावी, मुख्य नियंत्रणकक्ष वापरता न आल्यास पूरक कक्ष असावा, असे निष्कर्ष निघाले. 2005 च्या ऑक्टोबरात संच थांबविण्यात आले; अधिक क्षमतेची तीन नवी डिझेल जनित्रे बसविण्यात आली, प्रत्येक संचाचा वीजपुरवठा स्वतंत्र करण्यात आला, आणि 2006 च्या फेब्रुवारीत संच पुन्हा सुरू झाले. हे सुमारे साडेचार महिने कोणी ‘विलंब’ म्हणून मोजले असतील तर त्याचा हिशेब पाच वर्षांनी फुकुशिमाने चुकता केला : आणीबाणीच्या विजेचा प्रश्न ज्यांनी आधीच विचारला होता त्यांचा वेळ वाया गेलेला नव्हता.

अशा काळास मराठीत ‘अवधी’ हा योग्य शब्द आहे. काम व्हावयास जो वेळ स्वभावतःच लागतो तो अवधी. 2020 साली, जानेवारीत पहिला आणि जुलैमध्ये दुसरा, असे तारापूरचे हे दोन्ही जुने संच पुन्हा थांबविण्यात आले. मुख्य काम होते ते अणुभट्टीतील पाणी फिरविणारे नळ बदलण्याचे. अगंज पोलादाच्या नळांस जोडाजवळ जे तडे जातात त्यांस तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : जोडकामाच्या उष्णतेने कणसीमांवरील क्रोमियम कमी झालेले पोलाद, धातूत उरलेला ताण, आणि प्राणवायू विरघळलेले अतितप्त पाणी. तडा बाहेरून दिसत नाही. तो कणांच्या सीमांमधून आत सरकत जातो. असे नळ कापून नवे जोडावयाचे, तेही किरणोत्सारी जागेत, जेथे प्रत्येक कामगाराने किती वेळ थांबावे याचे गणित आधी मांडावे लागते. हे काम सावकाश होते ते मुख्यत्वे धातू आणि किरणोत्सर्ग यांच्यामुळे. तथापि 2025 सालापर्यंत ते लांबले, तेव्हा त्यातील प्रत्येक महिना अवधीचाच होता असेही कोणी गृहीत धरू नये. किती काळ कामाचा आणि किती अन्य कारणांचा, हे जाहीर हिशेबानेच ठरावयास हवे.

दुसरा शब्द ‘खोळंबा’. आपले काम तयार असते, पण दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहावी लागते, तेव्हा खोळंबा होतो. तारापूरने तोही पाहिला आहे. भारत-अमेरिका यांच्या 1963 च्या करारानुसार या केंद्रास समृद्ध युरेनियम अमेरिकेकडून यावयाचे होते. 1974 च्या पोखरण येथील चाचणीनंतर आणि विशेषतः अमेरिकेने 1978 साली केलेल्या अण्वस्त्र-प्रसारबंदीच्या कायद्यानंतर तो पुरवठा अडखळला. पुढे फ्रान्स, त्यानंतर चीन आणि रशिया यांच्याकडून इंधन आले. त्या काळात केंद्राच्या अभियंत्यांत किंवा आपल्या नियमांत दोष होता म्हणून वीज कमी झाली नाही. परदेशातील कायद्याचा परिणाम बोईसरच्या वाटेवरील एका यंत्रावर झाला. हा खोळंबा दूर करण्याचे साधन परराष्ट्रनीती हे होते. सुरक्षेचे नियम सैल करून तो तिळमात्र कमी झाला नसता.

आता ‘बंद ठेवणे’ या तिसऱ्या प्रयोगाकडे वळू, कारण नियामकाचे खरे काम तेथे दिसते. गुजरातेत काक्रापार येथे 11 मार्च 2016 रोजी पहिल्या संचाच्या एका शीतन-नलिकेतून गळती झाली आणि संच आपोआप थांबला. येथपर्यंत तो ‘बंद पडला’. गळकी नळी ओळखून ती वेगळी काढणे हे तुलनेने लहान काम होते. परंतु नळी का गळली, हे कळल्यावाचून उरलेल्या नळ्यांविषयी काय म्हणावयाचे? अशा अणुभट्टीत 306 नलिका असतात. शोधांती नळीच्या बाहेरील पृष्ठभागावर क्षरण झाल्याचे आढळले, म्हणजे दोष एका नळीपुरता मानता येईना. अखेर सर्व नलिका बदलण्यात आल्या आणि संच 2019 च्या मे महिन्यात पुन्हा चालू झाला. ‘दुरुस्त झाले’ आणि ‘कारण कळले’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. त्या दोहोंमधले अंतर राखणे हे नियामकाचे कर्तव्य आहे.

नियामकाच्या हाती ‘आता नाही’ याबरोबर ‘कधीच नाही’ असे म्हणण्याचीही शक्ती असावी लागते. फुकुशिमापूर्वी जपानमध्ये 54 अणुभट्ट्या होत्या. अपघातानंतर 2012 च्या सप्टेंबरात नवे स्वतंत्र नियमन-प्राधिकरण स्थापन झाले, 2013 च्या जुलैत नवे निकष लागू झाले, आणि त्यांनुसार सेन्दाई येथील पहिली अणुभट्टी 2015 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. पण त्सुरुगा येथील दुसऱ्या संचाबाबत, अणुभट्टीखाली सक्रिय प्रस्तरभंग असण्याची शक्यता नाकारता येत नाही म्हणून, 2024 च्या नोव्हेंबरात प्राधिकरणाने नकार दिला. अर्ज 2015 सालचा होता. नऊ वर्षांनी मिळालेल्या या नकारास विलंब म्हणावे की निर्णय? नकार लवकर मिळाला असता तर सर्वांचे हित झाले असते, हे खरे. परंतु त्या नऊ वर्षांत भूस्तराच्या नोंदी कंपनीने परस्पर बदलल्याचेही उघडकीस आले होते, आणि तेवढ्यासाठी तपास थांबवावा लागला होता. म्हणजे वेळ खाणारा प्रत्येक वेळी नियामकच असतो असे नाही. पुष्कळदा अर्जदाराचे कागद वेळ खातात.

उरला तिसरा शब्द, ‘दिरंगाई’. तो फारशीतून मराठीत आला आणि कचेरीच्या अनुभवाने पक्का झाला. करता येण्याजोगे काम केवळ न केल्यामुळे जो वेळ जातो ती दिरंगाई. आपल्याकडे तिचे ठळक उदाहरण नळ किंवा इंधन यांत नसून खुद्द नियमनाच्या घडणीत आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ 15 नोव्हेंबर 1983 रोजी, 1962 च्या अणुऊर्जा कायद्याखालील अधिकार वापरून, सरकारी आदेशाने स्थापन झाले. ते अणुऊर्जा आयोगास उत्तरदायी होते. आयोगाचा अध्यक्ष हाच अणुऊर्जा विभागाचा सचिव. आणि केंद्रे चालविणारे महामंडळही त्याच विभागाखाली. परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच छपराखाली, अशी ही रचना होती. मंडळाला स्वतंत्र वैधानिक स्थान देऊ पाहणारे विधेयक 2011 साली लोकसभेत मांडले गेले आणि 2014 साली सभागृहाची मुदत संपताच व्यपगत झाले. मधल्या काळात, 2012 साली, नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने मंडळाच्या दुबळ्या वैधानिक स्थानावर बोट ठेवले आणि जवळजवळ तीन दशकांत किरणोत्सर्ग-सुरक्षेचे राष्ट्रीय धोरणही तयार झाले नसल्याचे नोंदविले. मंडळास वैधानिक दर्जा देण्याची तरतूद संसदेने संमत केली ती 2025 च्या डिसेंबरात, ‘शांती’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात. त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांनाही अणुविद्युत्-निर्मितीचे दार उघडले आहे. थांबलेल्या प्रत्येक दिवसाचा तोटा भागधारकांना मोजून दाखविणारा चालक समोर आल्यावर ‘अजून नाही’ असे म्हणण्याची मंडळाची शक्ती खऱ्या अर्थाने कसोटीस लागेल.

येथे एक शंका संभवते. नियमन म्हणजे अडवणूक, ही लोकभावना मग आली कोठून? तिला एक भाषिक कारणही आहे. महाराष्ट्रातील सामान्य माणसाच्या कानावर ‘नियमन’ हा शब्द विजेच्या संदर्भात पहिल्याने आला तो ‘भारनियमन’ या रूपाने, म्हणजे रोज ठरलेल्या तासांना अंधार. ज्या शब्दाने पंखे थांबविले आणि पिठाच्या गिरण्या अडविल्या, त्याच्यापासून साधलेला ‘नियामक’ लोकांना वीज तोडणाराच वाटावा यात नवल नाही. वस्तुतः ‘नियम’, ‘संयम’ आणि ‘यंत्र’ हे तिन्ही शब्द आवरणे, धरून ठेवणे या अर्थाच्या ‘यम्’ या एकाच धातूशी जोडले जातात. वाफेला किंवा विखंडनाला जे आवरून धरते तेच यंत्र. आवरण्याची शक्ती गेली की उरतो तो स्फोट. त्या दृष्टीने नियम हा यंत्राला बाहेरून घातलेला अडसर नसून त्याचाच एक भाग ठरतो.

कोल्हापूरपासून तारापूर दूर आहे, पण घाट उतरताच लागणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात, जैतापूर येथे, प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांची योजना आहे. ती सिद्धीस गेली तर ‘संच सुरू होण्यास विलंब’ हे वाक्य आपल्या परिसरातही वारंवार ऐकू येईल. तेव्हा वाचकाने त्या वाक्यास तीन प्रश्न विचारावेत. हा काळ अवधीचा असेल तर कामाचा हिशेब दाखवावा. खोळंब्याचा असेल तर कोणाची वाट पाहिली जात आहे ते सांगावे. दिरंगाईचा असेल तर ती करणाऱ्याचे नाव घ्यावे. आणि नियामकाने संच बंद ठेवला असेल, तर त्याने आपली कारणे, किनाऱ्यावरील मच्छीमारासही समजतील अशा मराठीत, प्रसिद्ध करावीत. ज्याच्या दाराशी केंद्र उभे आहे त्याला त्याच्याच भाषेत कारण कळत नसेल, तर उत्तम नियमनही त्याच्या लेखी निव्वळ सरकारी लहर ठरते. कर्ता नसलेली वाक्ये व्याकरणात चालतात. सार्वजनिक सुरक्षेच्या व्यवहारात ती चालवून घेणे महाग पडते.