व्यायामाला श्रवणाची सोबत

व्यायाम हितकर आहे, हे ज्येष्ठांना नव्याने सांगावे लागत नाही. अडते ते सातत्यापाशी. तीच खुर्ची, तेच अंगण, त्याच हालचाली. चार दिवसांत कंटाळा येतो आणि नेम मोडतो. या कंटाळ्यावर रेडिओ आणि पॉडकास्ट हा चांगला उतारा आहे. पॉडकास्ट म्हणजे मोबाइलवर हवा तेव्हा लावता येणारा आणि हवा तिथे थांबवता येणारा, रेडिओसारखाच कार्यक्रम.

पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील कॅथरिन मिल्कमन व सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांना उत्कंठावर्धक कादंबऱ्यांचे ध्वनिमुद्रण केवळ व्यायामशाळेतच ऐकू दिले गेले. आरंभीच्या काळात ही मंडळी इतरांपेक्षा ५१ टक्के अधिक वेळा व्यायामाला आली. पुढे मोठी सुट्टी आली आणि हा परिणाम ओसरला. यातून घ्यायचा बोध असा, की आवडीचा कार्यक्रम व्यायामाच्या वेळेसाठीच राखून ठेवावा आणि खंड पडला तर नव्या कार्यक्रमाने पुन्हा आरंभ करावा.

मात्र विचारप्रवर्तक श्रवण मनाचा ताबा घेते, आणि उतारवयात चालण्यालाही मन लागते. १९९७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनमधील ५८ वृद्धांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. चालताना कोणी बोलू लागले की त्यांच्यापैकी १२ जणांची पावले थांबत. पुढील सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. ऐकणे म्हणजे बोलणे नव्हे. तरीही ज्यांचे पाऊल आधीच डळमळते, त्यांनी हा इशारा मानावा. गोंदियालगतच्या मुर्रीसारख्या ठिकाणी फिरायला निघावे तर दुचाकी, धान वाहणारे ट्रॅक्टर आणि मोकाट जनावरे याच वाटेवर असतात. म्हणून रस्त्यावर कान मोकळे ठेवावेत. ऐकण्याचा आनंद घरात किंवा अंगणात घ्यावा.

कोणत्या व्यायामाला काय ऐकावे? खुर्चीत बसून हात उंचावणे, गुडघा सरळ करणे, घोटे फिरवणे यांत तोल जाण्याची भीती कमी असते. त्या वेळी विचाराला खाद्य देणारे खुशाल ऐकावे. बीबीसी मराठीच्या 'गोष्ट दुनियेची' या पॉडकास्टमध्ये जगातील एकेक प्रश्न तज्ज्ञांच्या मदतीने उलगडला जातो. आकाशवाणीची भाषणे आणि मुलाखतीही अशा वेळी उत्तम. प्रसार भारतीच्या 'न्यूजऑनएअर' ॲपवर विविध केंद्रांचे प्रसारण ऐकता येते. १९४८ पासून कार्यरत असलेल्या नागपूर केंद्राचा आवाज विदर्भातील अनेक ज्येष्ठांच्या तर ओळखीचाच आहे.

अंगणात सावकाश फेऱ्या मारताना परिचित संगीत बरे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. त्यात ५६ गीते आहेत. रोज एकच गीत ऐकायचे ठरवले, तर जवळजवळ दोन महिन्यांचा नेम आपोआप आखला जातो.

तोल सांभाळण्याचे व्यायाम मात्र शांततेतच करावेत. एका पायावर उभे राहणे किंवा टाचा उचलणे यासाठी भक्कम आधार हाताशी असावा आणि लक्ष केवळ शरीराकडे. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना तोल व ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करण्यास सुचवते. त्यामुळे ते वगळू नयेत.

घरच्यांनी कार्यक्रम आदल्या रात्रीच निवडून ठेवावा, म्हणजे व्यायामाच्या मध्यात मोबाइल चाळावा लागत नाही. इअरफोनऐवजी मोबाइल किंवा रेडिओ जवळच्या स्टुलावर ठेवावा. हाक ऐकू येते आणि वायर पायात अडकत नाही. इअरफोन लावायचाच असेल, तर आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांखाली असावा. श्रवणयंत्र काढून मोबाइलचा आवाज वाढवू नये. छातीत दुखले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप लागली, तर व्यायाम तत्काळ थांबवून डॉक्टरांना कळवावे.

व्यायाम आटोपल्यावर पाच मिनिटे शेजारी बसून "आज काय ऐकलंत? तुम्हाला ते पटलं का?" एवढे अवश्य विचारावे. आई-वडिलांची विचारपूस बहुधा औषधे आणि भूक यांच्यापुरतीच उरते. त्यांचे मत विचारणारा हा प्रश्न त्यांना उद्याच्या व्यायामाची ओढ लावील.