दाराखालचा पत्रा, बॉनेटखालचा नंबर

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेल्या माणसाच्या मनात दोन धास्ती असतात. गाडी अस्सल आहे ना, आणि उद्या काही मोडलं तर भाग मिळेल ना? हे दोन प्रश्न आपण वेगवेगळे धरतो. खरं तर भाग जितके सहज मिळतात, तितका अस्सलपणाबद्दलचा संशय वाढायला हवा. एमजीबी ही ब्रिटिश गाडी पाहिली की हे नीट कळतं.

ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात सगळ्या प्रकारांसह पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या. इंजिन १७९८ सीसीचं, बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या ‘बी सिरीज’ घराण्यातलं. आपल्या ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. साधी बांधणी, जाणत्या मिस्त्रीला कळणारी. गाड्या लाखांनी असल्यामुळे सुट्या भागांचा धंदाही टिकला. इतका, की ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवून देऊ लागली.

पण नवी बॉडी मिळते, नंबरची पट्टीही नवी करून मिळते. म्हणजे १९६६ ची म्हणून दाखवलेली गाडी नेमकी कशाच्या बळावर १९६६ ची आहे, हे विचारावंच लागतं.

सुरुवात बॉनेटखालच्या पट्टीपासून करा. जीएचएन म्हणजे उघड्या टपाची, जीएचडी म्हणजे जीटी, १९६५ साली आलेली छपराची. पुढचा आकडा मालिका सांगतो. त्यानंतर ‘एल’ असेल तर गाडी डाव्या स्टीअरिंगची जन्मली आहे. अमेरिकेला फार मोठ्या संख्येने गेलेल्या या गाड्यांपैकी अनेक नंतर इंग्लंडला परतल्या आणि उजव्या स्टीअरिंगच्या झाल्या. तो गुन्हा नाही, लपवणं मात्र गुन्हाच. मग इंजिन नंबर. १८जी आणि १८जीए ही क्रँकशाफ्टला तीन बेअरिंग असलेली, १९६४ च्या अखेरीस आलेलं १८जीबी पाच बेअरिंगचं. १९६३ च्या गाडीत १८जीबी दिसलं, तर इंजिन बदललेलं आहे. रोज चालवायला ते अधिक चांगलं, हे मी मोकळेपणाने सांगेन. पण अस्सल गाडीची किंमत अशा गाडीला द्यायची नाही. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. तिथलं प्रमाणपत्र मागवलं की बांधणीची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर समोर येतो. बयाणा देण्याआधी ते मागवा.

यापेक्षा जास्त वेळ द्या तो दाराखालच्या पत्र्याला. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. उघड्या गाडीत छपराचाही आधार नाही, म्हणून दाराखालची सिल हाच तिचा कणा. ती एका पत्र्याची नसते: आतली भिंत, बाहेरची भिंत आणि मधला पत्रा मिळून पोकळ पेटी होते. गंज आतून धरतो. स्वस्तातला कारागीर कुजलेल्या पेटीवर बाहेरून नवा पत्रा चढवतो, पुट्टी भरतो, रंग मारतो. गाडी चकचकीत दिसते आणि मधून वाकत राहते. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. पुट्टी जाड असेल तिथे ते धरत नाही. दाराच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का पाहा. जॅक लावून गाडी उचला आणि दार उघडबंद करा. फट मिटली, दार अडलं, तर तिथूनच परत फिरा. सिलचं पुढचं टोक पुढच्या मडगार्डच्या आत जातं आणि तो मडगार्ड बोल्टने बसवलेला असतो. तो न काढता सिल बदलली असं सांगितलं, तर काम अर्धवट आहे. काम चालू असतानाचे फोटो मागा. ज्याने मनापासून काम केलं, त्याच्याकडे बहुधा ते असतात.

भागांच्या बाबतीत ‘एमजी’ या दोन अक्षरांवर विसंबू नका. १९६७ ते १९६९ ची एमजीसी दिसते एमजीबीसारखीच, पण तिच्यात २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि पुढे वेगळं सस्पेन्शन आहे. तिचे खास भाग शोधताना दमछाक होते. ट्रायम्फ स्टॅग या दुसऱ्या ब्रिटिश गाडीची गतही तशीच: तिचं ३ लिटरचं व्ही-८ इंजिन आणखी कुठल्याच गाडीत गेलं नाही, ते तापायचंही फार. म्हणून कित्येक मालकांनी तिथे रोव्हरचं व्ही-८ बसवलं. तिथे अस्सल इंजिन असणं हीच मोठी गोष्ट.

भारतात अशी गाडी पाहत असाल, तर अस्सलपणा हा नुसता हौसेचा विषय नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांहून जुनं आणि मूळ स्वरूपात असावं लागतं; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणून नव्या बॉडीची किंवा बदललेल्या इंजिनाची गाडी घेण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, आणि पैसे त्यानंतरच द्या.