पाइलभोवतीचं पाणी

पायासाठी जमिनीत पाइल, म्हणजे लांब खांब, ठोकताना हातोड्याला किती विरोध होतो, यावरून तो किती भार पेलेल हे ठरवण्याची रीत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली होती. मऊ चिकणमातीत तिने दगा दिला. तिथे टोकाखालचा आधार नगण्य असतो. सगळी मदार बाजूच्या घर्षणावर. आणि ठोकण्याच्या दणक्याने नेमकी तीच माती विस्कटते, तिच्यातल्या पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते.

पाणी निचरून दाब उतरला की भार मातीच्या कणांवर येतो, हे कार्ल तेर्झागी यांनी 1925 च्या ग्रंथात मांडलं होतं. पाइलपुरता त्याचा ठसठशीत पुरावा सीड आणि रीझ यांनी 1957 मध्ये प्रसिद्ध केला. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या गाळात ठोकलेल्या पाइलची क्षमता 33 दिवसांत पाचपटींहून अधिक वाढली होती. पुढे बर्लंड यांनी 1973 मध्ये घर्षणाचं गणितच कणांवरच्या दाबावर बेतलं.

पण पाणी गेल्याने नुकसानही होतं, हे मेक्सिको सिटीइतकं कुणी भोगलेलं नाही. जुन्या सरोवराच्या गाळावरचं हे शहर भूजलाच्या उपशामुळे खचतंय, हे नाबोर कारिल्यो यांनी 1940 च्या दशकात दाखवून दिलं. पाइलवरचा स्वातंत्र्यस्तंभ जागेवर राहिला आणि भोवतालची जमीन खाली गेली. त्याच्या मूळ 9 पायऱ्यांना आणखी 14 जोडाव्या लागल्या. अशी खचणारी माती पाइलला खाली ओढते. आधार देणारं घर्षणच ओझं बनतं. याला निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन म्हणतात.

याच शहरात 1956 मध्ये पूर्ण झालेल्या तोरे लातिनोअमेरिकाना या मनोऱ्यासाठी लिओनार्दो सेवार्त यांनी 361 पाइल सुमारे 33 मीटरवरच्या वाळूच्या थरापर्यंत नेले, खोल तळघर खोदून मातीचं वजन कमी केलं आणि भोवतालच्या जमिनीत पाणी सोडून दाब राखला. माझ्या लेखी विसाव्या शतकातला हा सर्वांत समंजस पाया आहे. 1957 आणि 1985 चे भूकंप या 44 मजली इमारतीने सोसले. 1985 मध्ये याच शहरात केवळ घर्षणावर विसंबलेली एक इमारत पाइल उपटून आडवी झाली.

मुंबईच्या खाडीकाठी गाळावर भराव टाकला की तो गाळही वर्षानुवर्षे दबत राहतो आणि पाइलला खाली ओढतो. आपल्या आयएस 2911 या मानकात या ओढीचा भार हिशेबात धरायला सांगितलं आहे. ही ओढ किती येईल, हे ठरवायला त्या जागेचा गाळ किती खोल आहे आणि भराव कधी पडला, हे आधी माहीत असावं लागतं.