एका शब्दावरून दुभंगलेले मेज

पवित्र कम्युनियन घेताना ‘आमेन’ म्हणावयास आम्हांस क्षणही लागत नाही. त्याच सत्याविषयी १५२९ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील मारबुर्गच्या गढीत लूथर व झ्विंग्ली हे सुधारक समोरासमोर बसले. अखेरच्या भोजनसमयीचे प्रभूचे शब्द लूथरने मेजावर खडूने लिहून ठेविले आणि त्यांतील ‘आहे’ या शब्दापासून तो तिळभर हटेना. झ्विंग्लीच्या मते त्याचा अर्थ ‘दर्शविते’ एवढाच.

त्याच दिवसांत तुर्की फौजांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता. तुर्क म्हणजे दानिएल प्रवक्त्याने पाहिलेले शिंग, जगाचा अंत समीप आला, असे लूथर मानी. (फौज त्याच महिन्यात परतली, जग अद्याप चालले आहे!) अंत दाराशी आला असे मानणाऱ्यासही समेट साधला नाही, याचे आम्हांस नवल वाटते. पंधरांपैकी चौदा कलमे एकमताने ठरली. पंधरावे ख्रिस्तशरीराच्या प्रत्यक्ष उपस्थितीपाशी अडले. लूथरने झ्विंग्लीला बंधू म्हणण्याचे नाकारले. झ्विंग्ली १५३१ साली काप्पेलच्या लढाईत पडला.

दोघांच्या युरोपातील वारसांनी एका मेजाभोवती येण्याचा करार केला तो १९७३ साली. आम्ही कॅथॉलिक त्या मेजावर नाही. भाकर ख्रिस्ताचे शरीरच होते, ही श्रद्धा आम्हांस सोडता येत नाही. मिश्रविवाहाच्या घरांतून मात्र आजही रविवारी पती एका देवळाची वाट धरतो व पत्नी दुसऱ्या.