प्लेगचा जमाखर्च

मांडवी म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई बंदराचं कोठार. गोदीलगत धान्याच्या वखारी, आसपास खचाखच भरलेल्या चाळी, चाळींतून हमाल आणि गुमास्ते, आणि पोत्यांच्या थप्प्यांमागे उंदीर. १८९६च्या सप्टेंबरात याच भागातल्या रोग्यांना तपासून डॉ. अकासियो गॅब्रियल व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मुंबईत वैद्यकी करणारे आणि महापालिकेचे सभासद. दोन वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये याच रोगाने थैमान घातलं होतं, आणि हाँगकाँग-मुंबई जहाजांची ये-जा नित्याची होती.

त्या प्लेगमधलं पुढचं नाट्य मराठी वाचकाला पाठ आहे. रँड, चापेकर बंधू, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. जुलूम आणि सूड अशीच ती हकिगत सांगितली जाते, आणि त्यात खोटं काही नाही. पण एक प्रश्न मागे राहतो. पटकी आणि हिवतापाने वर्षानुवर्षं माणसं मरत होती, तेव्हा सरकार ढिम्म होतं. १८९६-९७च्या दुष्काळात दख्खन होरपळत असताना मदतीचा पैसा हात राखून सुटत होता. मग प्लेग येताच तेच सरकार एवढं खडबडून का उठलं? आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा थंड का पडलं? याचं उत्तर दवाखान्याच्या नोंदींपेक्षा बंदराच्या वहीत लवकर सापडतं.

व्हेनिसचा धाक

मुंबईतून कापूस, गहू, तेलबिया, कातडी सुएझमार्गे युरोपला जात. भूमध्य समुद्रावरच्या देशांना प्लेगची जुनी दहशत होती. मुंबईत प्लेग आहे म्हटल्यावर तिथून येणारी जहाजं अडवणं, माल नाकारणं हे ओघानेच आलं. १८९७च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि १९ मार्चला तिचा करार झाला. त्या परिषदेत हिंदुस्थानच्या मालावर सरसकट बंदी आली असती, तर मुंबई-कराचीच्या व्यापाराचं कंबरडं मोडलं असतं. आपण हातावर हात ठेवून बसलेलो नाही, हे ब्रिटिशांना तिथे दाखवायचं होतं.

ही घाई तारखांतही दिसते. साथरोगांचा कायदा जानेवारीच्या अखेरीस कलकत्त्याच्या कौन्सिलात मांडला गेला आणि ४ फेब्रुवारीला मंजूर झाला. जेमतेम आठवडा. कायदा चार कलमांचा. सरकारला वाटेल ते नियम करता येतील, प्रवाशांना तपासता येईल, रोग्यांना वेगळं ठेवता येईल, नियम मोडणाऱ्याला दंड संहितेच्या १८८व्या कलमाखाली शिक्षा होईल, आणि सद्‍भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. रोग्याला काय मिळेल, घर सोडावं लागलेल्या माणसाने खायचं काय, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

त्याच सुमारास मुंबई आणि कराचीहून जाणाऱ्या हजच्या जहाजांना मनाई झाली. अठराशे सत्तावन्ननंतर रयतेच्या धर्मात हात घालायचा नाही, हा इंग्रजांचा पक्का दंडक होता. व्यापार धोक्यात येताच तोही बाजूला पडला.

नाक्यावरचा लिलाव

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी हुकूम काढला होता : रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवायचं. लोकांच्या मनात इस्पितळाची धास्ती होती. तिथे गेलेला परत येत नाही, ही समजूत घरोघर होती आणि मृत्यूंचं प्रमाण पाहता ती अगदीच निराधार नव्हती. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. लगेच स्नो यांनी हुकूम सौम्य केला.

स्नोंना खरी भीती आणखी एक होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. शहरातले हलालखोर आणि बिगारी, म्हणजे मैला आणि कचरा वाहणारी माणसं, सक्तीला भिऊन गावी निघून गेली, तर मुंबई राहण्याजोगीच उरणार नव्हती. एरवी ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या मर्जीवर अख्ख्या शहराच्या आरोग्य खात्याचा डोलारा उभा होता.

आणि माणसं निघालीच. १८९१च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं. कोकणात, घाटावर, गुजरातेत जो तो आपापल्या गावाकडे पळाला. गिरण्यांचे साचे थांबायची वेळ आली. एरवी गिरणी मालक कामगाराची मजुरी तटवून ठेवत, म्हणजे तो सोडून जाऊ शकत नसे. आता पारडं फिरलं. सकाळी नाक्यानाक्यावर मजुरांचे घोळके उभे राहत. एका गिरणीचा माणूस एक भाव बोले, दुसऱ्या गिरणीचा जॉबर, म्हणजे मुकादम, त्याच्यावर चढा भाव लावी, आणि घोळका त्याच्यामागे निघून जाई. मजुरी रोजच्या रोज, रोख. ज्या कामगाराला महिनाभर तिष्ठत ठेवायची चाल होती, त्याचा उघड्यावर लिलाव होत होता, आणि या लिलावात बोली मालकच लावत होते. आपापसात चढाओढ करू नये, रोजची मजुरी देऊ नये, असे मालकांच्या संघाचे प्रयत्न झाले, पण साचे बंद पडताना एकी टिकली नाही. जे तेजीच्या वर्षांत मिळालं नव्हतं, ते कामगाराला काही महिने प्लेगने मिळवून दिलं. साथ ओसरली तशी जुनी रीत परतली.

शहरात मात्र सफाईचा सपाटा सुरू होता. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बॉलिक ओतलं जाई. खोल्यांत उजेड यावा म्हणून छपराची कौलं उतरवत, जमीन खणून काढत, भिंतींना चुना लावत. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरं रंगवत. रोगाचं मूळ घाणीत आहे, हा त्यामागचा सिद्धान्त. पाण्याने गटारं धुतली जात तसे तिथले उंदीर पिसवांसकट शेजारच्या घरांत शिरत. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी उंदीर आणि पिसवांचा धागा १८९८ साली कराचीत दाखवून दिला, पण तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली.

याच काळात ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकीन यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ला स्वतःला टोचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. साऱ्या धावपळीतली खरी कमाई हीच, आणि तिला एका खोलीपलीकडे फारसं काही लागलं नव्हतं.

पुण्यातले दोन महिने

मार्च १८९७मध्ये मुंबईतल्या प्लेगचा कारभार ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या प्लेग कमिटीकडे गेला. पुण्यात कमिटीचे अध्यक्ष झाले वॉल्टर चार्ल्स रँड, साताऱ्याहून आलेले सनदी अधिकारी. १३ मार्च ते १९ मे या काळात पुण्यात जे घडलं, ते मुख्यतः गोऱ्या शिपायांकरवी घडलं. गल्ली अडवायची, घरात शिरायचं, माजघरापासून देवघरापर्यंत तपासायचं. आजारी सापडला की इस्पितळात, घरचे लोक छावणीत, अंथरूण-पांघरूण आगीत. काखा आणि जांगा चाचपून गाठी शोधायच्या, त्या बायकांच्याही. १० मार्चला, ही मोहीम सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. रोग्याजवळ जाण्याची ती एक तऱ्हा होती, रँडसाहेबांची दुसरी.

२२ जूनला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतरचा हिशेब पाहण्यासारखा आहे. पुण्यात जादा पोलीस बसवले गेले आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्या माथी मारला. नातू बंधूंना १८२७च्या रेग्युलेशनखाली खटल्याविना डांबलं. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. शिपायांच्या वर्तनाबद्दल पुण्याहून आलेल्या तक्रारी त्यांनी तिथे जाहीर केल्या, आणि पुरावा उभा करता न आल्याने परत आल्यावर त्यांना माफी मागावी लागली. हिंदुस्थानी रयतेच्या पैशाचा जाब विचारायला गेलेला माणूस त्या रयतेच्या घरात घुसलेल्या शिपायांची माफी मागून मोकळा झाला.

थंड पडलेलं सरकार

९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यात विणकरांची दंगल उसळली. एका आजारी मुलीला इस्पितळात नेण्यावरून ठिणगी पडली होती. त्यानंतर सक्ती हळूहळू मागे पडली. घराची झडती, छावणी, बळजबरीचं इस्पितळ यांच्या जागी टोचणी आणि समजावणी आली. प्लेग मात्र मागे पडला नव्हता. १९०७ साली हिंदुस्थानात प्लेगने सुमारे १३ लाख माणसं मेली, त्यांतली जवळपास निम्मी पंजाबात. १८९७च्या मुंबईशी या आकड्याची तुलनाच होऊ शकत नाही. तरी त्या साली घराघरांत शिपाई शिरले नाहीत. दंगलींनी सरकारला शहाणं केलं होतं, हे खरं. पण व्हेनिसच्या करारानंतर जहाजं पुन्हा चालू राहिली होती, हेही तितकंच खरं. बंदर सुरक्षित होतं, आणि मरणारे खेड्यांत मरत होते.

मुंबईला या साऱ्यातून मिळाला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, १८९८च्या कायद्याने. दाट वस्तीतून समुद्राची हवा खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले गेले, नागपाड्याची जुनी वस्ती पाडली गेली, पुढे दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखल्या गेल्या. रस्ते चांगले झाले यात वाद नाही. पण सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांपेक्षा जास्त होत्या. हुसकावलेला हमाल शेजारच्या चाळीत शिरला आणि तिथली गर्दी वाढवून बसला.

१९१८ : ज्याची दखल कोणी घेतली नाही

हा तर्क ताडून पाहायचा, तर वीस वर्षं पुढे जावं. जून १९१८मध्ये मुंबईच्या गोदीवरचे काही पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. मग गोदीतले कामगार, कचेऱ्यांतले कारकून. सप्टेंबरात इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. हिंदुस्थानभर किमान सव्वा कोटी माणसं दगावली, असा अंदाज आहे, आणि काही अभ्यासकांचे आकडे त्याहून बरेच वर जातात. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर. देशभरात पंचवीस वर्षांत प्लेगने जेवढे नेले, त्याहून अधिक काही महिन्यांत.

सरकारने काय केलं? फारसं काही नाही. महायुद्ध चालू होतं, डॉक्टर आघाडीवर होते. त्याच साली पाऊस दगा देऊन गेला आणि धान्याचे भाव भडकले. युरोपातली बंदरं मुंबईच्या जहाजांना अडवत नव्हती, कारण ताप त्यांच्याही घरी होता. परक्या देशांचा धाक नाही, म्हणून कायद्याची घाईही नाही. रुग्णांच्या दारी गेले ते सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे कार्यकर्ते आणि गल्लोगल्लीचे स्वयंसेवक. मुंबईत मृत्यूचं प्रमाण खालच्या मानलेल्या जातींत हजारी ६१.६ होतं, युरोपियनांत ८.३. फरक रोगजंतूने केला नव्हता. खोलीचं क्षेत्रफळ, ताटातलं अन्न आणि दोन दिवस कामावर न गेलं तर चूल पेटेल की नाही, याने केला होता. १९१९च्या जानेवारीत मुंबईच्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला, तो या महागाईच्या आणि मरणाच्या पाठोपाठ.

कायदा तोच

मार्च २०२०मध्ये महाराष्ट्राने कोविडसाठी पहिलं हत्यार उपसलं ते १८९७च्याच कायद्याचं. एप्रिलमध्ये केंद्राने त्यात दुरुस्ती केली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले करणाऱ्यांना जबर शिक्षा देण्यासाठी. दुरुस्ती योग्यच होती. पण ज्याची मजुरी रातोरात बुडते, त्याचा हक्क १२३ वर्षांपूर्वी त्या कायद्यात नव्हता आणि दुरुस्तीनंतरही आला नाही. रेशन दिलं गेलं, मदतीच्या घोषणाही झाल्या, पण त्या सरकारच्या मर्जीच्या. आणि मुंबईतून पुन्हा एकदा माणसं गावाकडे निघाली. यावेळी त्यांच्यासाठी नाक्यावर कोणी बोली लावली नाही, कारण साचेच बंद होते.

साथीत सरकार किती कडक होतं, हे मृतांच्या आकड्यावर ठरत नाही. कोणाचं नुकसान होणार आहे, यावर ठरतं. १८९७, १९०७ आणि १९१८ शेजारी ठेवून पाहिलं की हे स्पष्ट होतं. म्हणून पुढची साथ येण्याआधी करायचं काम दवाखान्यांइतकंच विधिमंडळात आहे. ज्या दिवशी घरात बसण्याचा हुकूम निघेल, त्याच दिवसापासून हातावर पोट असलेल्याला मजुरी मिळेल, हे कलम कायद्यात घालून घ्यायला हवं. ते नसेल तोवर पुढच्या साथीचा खर्चही जुन्याच खात्यावर पडणार आहे, आणि ते खातं गरिबाचं आहे.