प्लोव्दिवला जाण्याआधी

ब्रिटनमध्ये डॉक्टर व्हायचे ठरवलेल्या मुलांना १५ ऑक्टोबरच्या आसपास अर्ज भरावा लागतो, आणि त्यात वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या चारच जागा निवडता येतात. यूकॅट ही परीक्षा, मुलाखती, ए-लेव्हल या शाळेच्या शेवटच्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी तीन ‘ए’. एवढे सगळे जमवूनही कित्येक हुशार मुलांना चारही ठिकाणांहून नकार येतो. जागांवर सरकारी मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये दरवर्षी साधारण साडेसात हजार जागा. जून २०२३ मध्ये त्या २०३१ पर्यंत १५ हजारांवर नेण्याची योजना जाहीर झाली, पण आज अठरा वर्षांच्या असलेल्या मुलीला तोवर थांबता येत नाही.

‘नीट’मध्ये नंबर लागला नाही की रशिया, फिलिपिन्सची चौकशी सुरू करणारी घरे आपल्या ओळखीची आहेत. ब्रिटनमधली घरे, आणि त्यांत तिथे स्थायिक झालेली भारतीय कुटुंबेही आली, बल्गेरियाची चौकशी करतात. प्लेव्हेनच्या वैद्यकीय विद्यापीठाने १९९७ मध्ये इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली. सोफिया, वार्ना आणि प्लोव्दिव इथेही इंग्रजी माध्यम आहे. सहा वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेशाला मुख्यतः जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राची परीक्षा, फी वर्षाला आठ-दहा हजार युरोंच्या घरात. प्रागचे चार्ल्स विद्यापीठ, बुडापेस्टचे सेमेलवाइस, पोलंडमधले क्राकूव्ह हेही पर्याय आहेत. इटलीतल्या सरकारी विद्यापीठांत फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते, पण ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश मुलांना तिथे युरोपीय संघाबाहेरच्यांसाठीच्या मोजक्या जागांवर समाधान मानावे लागते.

पालक पहिल्यांदा फीचा हिशेब मांडतात आणि तिथेच फसतात. इंग्लंडमध्ये २०२५-२६ ची फी ९,५३५ पौंड आहे, म्हणजे बल्गेरिया फारसा स्वस्त नाही. शिवाय मायदेशात ती फी सरकारी कर्जातून भरली जाते आणि कमावू लागल्यावर पगारातून थोडी थोडी कापली जाते. पूर्ण पदवीसाठी परदेशी विद्यापीठात गेलेल्याला ते कर्ज मिळत नाही. सहा वर्षांचे पैसे घरातून, रोख उभे करावे लागतात. ब्रेक्झिटपासून व्हिसा आणि निवास परवान्याचे कामही वाढले आहे.

भाषेचा प्रश्न तर माहितीपत्रकात शेवटच्या पानावर असतो. वर्गात इंग्रजी चालते, वॉर्डात नाही. प्लोव्दिवच्या रुग्णालयातल्या आजी पोटात कुठे दुखते ते बल्गेरियनमध्येच सांगणार. म्हणून पहिल्या वर्षांत बल्गेरियन शिकणे सक्तीचे असते. जी मुले ती मनापासून शिकतात तीच पुढे रुग्णाशी बोलून निदानाकडे जायला शिकतात. बाकीची सहाध्यायांच्या किंवा प्राध्यापकांच्या भाषांतरावर अवलंबून राहतात, आणि हे नुकसान मला फीपेक्षा मोठे वाटते.

आता खरा मुद्दा, परत येण्याचा. युरोपीय संघातल्या पदव्यांना ब्रिटनमध्ये आपोआप मान्यता मिळत असे. ब्रेक्झिटनंतरही डॉक्टरांची नोंदणी करणारी जनरल मेडिकल कौन्सिल त्या स्वीकारते, पण ही व्यवस्था तात्पुरती म्हणूनच चालू ठेवलेली आहे. सहा वर्षांनी पदवी हातात येईल तेव्हा नियम हाच असेल, असे गृहीत धरू नये. आणि नोंदणी मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असेही नाही. विशेष प्रशिक्षणाच्या दहा-बारा हजार जागांसाठी २०२५ मध्ये तीस हजारांहून अधिक डॉक्टरांनी अर्ज केले. त्यावर उपाय म्हणून जुलै २०२५ च्या सरकारी आराखड्यात ब्रिटनमध्येच वैद्यकीय पदवी घेतलेल्यांना आणि एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत बराच काळ काम केलेल्यांना प्राधान्य देण्याचे ठरले, आणि जानेवारी २०२६ मध्ये तसे विधेयकही संसदेत आले. पदवीनंतरच्या फाउंडेशन प्रशिक्षणातही हाच विचार आहे. लीड्समध्ये जन्मलेली, लीड्समध्येच शाळा शिकलेली मुलगी प्लोव्दिवहून डॉक्टर होऊन आली, तर तिचा पासपोर्ट तिला तिथे रांगेत पुढे नेईलच असे नाही. पदवी कुठली, हे पाहिले जाते.

हा धोरणाचा निर्णय समजण्यासारखा आहे. करदात्यांच्या पैशातून शिकलेल्या डॉक्टरला काम मिळू नये, हे कुठल्याच देशाला परवडणारे नाही. पण नियम बदलण्याआधी गेलेल्या मुलांवर त्याचा भार पडतो आहे, आणि हे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्यासाठी संक्रमणाची सोय व्हायला हवी.

यंदा निघणाऱ्यांनी तरी चौकशी शेवटच्या वर्षापासून सुरू करावी. एजंटाऐवजी त्या विद्यापीठातून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या ब्रिटिश डॉक्टरांना गाठावे: नोंदणीला किती महिने गेले, पहिली नोकरी कुठल्या रुग्णालयात आणि कुठल्या प्रकारची मिळाली, वर्गातले किती जण अजून वाट पाहत आहेत. शिवाय एक वर्ष थांबून पुन्हा चार अर्ज भरण्याचा, किंवा आधी जैववैद्यक शास्त्राची पदवी घेऊन चार वर्षांच्या पदवीधर प्रवेशाचा रस्ताही घरात त्याच टेबलावर मांडला जावा.